पोटातले गिअर

माझ्या सायकलीला आठ गिअर आहेत. हे वाक्य मी आजवर सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर, फतेगंजातल्या दोन सायकलवाल्यांसमोर, घरी काकासाहेबांसमोर आणि शेवटी एका पोलीस चौकीत जमादारासमोर उच्चारलेलं आहे. प्रत्येक ठिकाणी ऐकणाऱ्यानं आधी सायकलीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. सायकलीकडे संशयानं आणि माझ्याकडे दयेनं. खरं तर मला उलट चाललं असतं.

गोष्ट अशी आहे की चारचौघांच्या गिअरच्या सायकलीला मागच्या चाकावर दातेरी चकत्यांची चळत असते, तिच्याखाली एक लोखंडी हात लोंबत असतो आणि साखळी या चकतीवरून त्या चकतीवर उड्या मारत असते. म्हणजे सगळा कारभार चव्हाट्यावर. माझ्या सायकलीत तसं नाही. मागच्या चाकाच्या मधोमध चहाच्या डब्याएवढा एक पत्र्याचा गोल डबा आहे आणि आठही गिअर त्या डब्याच्या पोटात आहेत. बाहेरून एक चकती, एक साखळी, बस्स. हँडलची उजवी मूठ पिळली की तिथल्या छोट्या खिडकीत आकडा बदलतो आणि पोटात गिअर पडतो. सायकल उभी असली तरी पडतो. दिसायला मात्र ती दूधवाल्याच्या सायकलीसारखी दिसते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. मंदानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "याला किटल्या कुठं अडकवायच्या?"

असले गिअर शहरातल्या गुळगुळीत रस्त्यांसाठी असतात, आडरानात त्यांचं काम नाही, असं मानणारा एक पंथ जगात आहे. दुसरा पंथ म्हणतो की चिखल, गवत, दगड यांचा बाहेरच्या गिअरला त्रास होतो, पोटातल्याला होत नाही, तेव्हा आडरानात हेच खरे. हे दोन पंथ इंटरनेटवर रात्रंदिवस भांडत असतात. मी त्यांची भांडणं वाचून दुसऱ्या पंथाची दीक्षा घेतली. आडरानात मी तोपर्यंत कधी गेलो नव्हतो, पण दीक्षा घ्यायला अनुभव लागतो असं कोणत्याच पंथात नाही.

पहिला खोडा सोसायटीत पडला. आमच्या सोसायटीचा नियम असा की गिअरवाल्या सायकली शेडमध्ये आणि साध्या सायकली पाण्याच्या टाकीमागे. सेक्रेटरी कुशलभाई आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. माणूस सोन्यासारखा, पण हातात स्टिकरांचा गठ्ठा आला की त्यांचा चेहरा बदलतो. त्यांनी सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"गियर क्यां छे, जनार्दनभाई?"

"अंदर छे."

"अंदर तो बधाने होय," आत तर सगळ्यांनाच असतं, असं कुशलभाई म्हणाले. "बहार शुं छे?"

या प्रश्नाला वेदान्तातसुद्धा उत्तर नसावं. मी मूठ पिळून खिडकीतले आकडे दाखवले. ते म्हणाले की आकडे तर घड्याळातही असतात. तोवर माणसं जमली होती. एकानं सल्ला दिला की गिअर बाहेर काढून बसवून घ्या, हल्ली सगळी ऑपरेशनं होतात. दुसरा म्हणाला, दुकानदारानं फसवलं असेल तर ग्राहक मंचात जा, माझा साडू तिथंच असतो. तिसऱ्यानं डब्याला कान लावला आणि "काहीतरी आहे खरं" असं म्हणून सगळ्यांना आणखीनच घाबरवलं. शेवटी माझी आठ गिअरची सायकल पाण्याच्या टाकीमागे, एका मोडक्या बाबागाडीशेजारी गेली आणि सोसायटीत माझं नाव 'पोटातले गिअरवाले' असं पडलं. मुलं ते मोठ्यानं म्हणत, मोठी माणसं मनात म्हणत.

हे सगळं मी सोसलं असतं. पण घरात काकासाहेब होते.

काकासाहेब, म्हणजे प्रतापसिंहराव पायगुडे, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. आमचे पूर्वज बडोद्याच्या सरकारी पागेत स्वार होते. आता त्या वैभवापैकी पितळेच्या दोन रिकिबी तेवढ्या उरल्या आहेत आणि दसऱ्याला त्यांची पूजा होते. काकासाहेबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, रोज सायकलवरून प्रतापनगरला जायचे, आणि घोडा त्यांनी जवळून पाहिला तो लोकांच्या वरातीत. पण बोलणं, बसणं आणि रागावणं सगळं स्वाराचं. माझ्या सायकलीकडे पाहून ते एवढंच म्हणाले होते, "जनार्दना, चाल दिसली पाहिजे. जी दिसत नाही ती चाल नव्हे."

मी त्यांना समजावून सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला. पहिला गिअर चढाला, आठवा उताराला, आणि सहावा माझा आवडता, कारण सपाटीवर तो असा काही लागतो की सायकल आपण चालवत नसून तीच आपल्याला नेते आहे असं वाटतं.

"नसलेल्या गिअरांत आवडनिवड कसली?" काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी पेपर वर केला.

आता दसरा. आमच्या घरी दसऱ्याला दोन गोष्टी होतात. सकाळी बाकीच्या बडोद्याप्रमाणे फाफडा-जलेबी, आणि दुपारनंतर सीमोल्लंघन करून सोनं वाटणं. गेली काही वर्षं काकासाहेबांचे गुडघे धरले आहेत, त्यामुळे माझा चुलतभाऊ समरजित आपली भलीमोठी गाडी घेऊन येतो, त्यांना पुढच्या सीटवर बसवतो, गेटबाहेर नेऊन परत आणतो. झालं सीमोल्लंघन. मागच्या वर्षी त्यानं बाजारातून सोनंही आणलं. काकासाहेबांनी एक पान हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "हा कांचन आहे." बाजारात आपटा म्हणून सर्रास कांचनच विकतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे गप्प बसतात. काकासाहेब बसले नाहीत. "काच वर करून, एसी लावून सीमोल्लंघन," ते म्हणाले, "आणि सोनं म्हणून कांचन! यापुढे मी दसऱ्याला घरात बसेन. माझ्या वाट्याचा दसरा संपला."

आम्हाला वाटलं, राग आहे, उतरेल. पण यंदा नवरात्र बसलं तरी उतरला नाही. नवीन धोतर आणलं ते त्यांनी घडी न मोडता कपाटात ठेवलं. रिकिबी घासायला दरवर्षी स्वतः चिंच मागून घेत, यंदा मंदानं आपणहून चिंच भिजवून दिली तर म्हणाले, "तूच घास." हे मला लागलं. गुडघे गेले तरी माणूस चालतो, पण सण गेला की बसतो. आणि मी अष्टमीला सगळ्यांसमोर बोलून बसलो की काकासाहेब, यंदा अस्सल आपट्याचं सोनं मी स्वतः आणेन, स्वतःच्या वाहनावरून, महीच्या कोतरांतून. मग तरी तुम्ही सीमा ओलांडायची.

"कशावरून आणणार?" त्यांनी विचारलं.

"सायकलवरून. आठ गिअर आहेत."

 समरजितनं फोनवर हसून घेतलं.

मही नदीची कोतरं म्हणजे नदीकाठच्या मातीत पावसानं कोरलेल्या खोल घळी. मी नंदेसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कंपनीच्या वृक्षारोपणाच्या दिवशी आम्हाला तिकडं नेलं होतं, तेव्हा तिथं आपट्याची झाडं पाहिल्याचं मला आठवत होतं. कुठं पाहिली ते आठवत नव्हतं, पण हा तपशील मी घरी सांगितला नाही. दसऱ्याच्या सकाळी मी निघालो तेव्हा मंदा म्हणाली, "श्रीखंड दुपारी फ्रीजमधून बाहेर येईल. त्यानंतर समरजित भावजी असतील आणि श्रीखंड नसेल. काय ते ठरवा."

सुरुवात इतकी सुंदर झाली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. नुकताच संपलेला पाऊस, कोतरात कमरेएवढं गवत, खाली चिकट माती. चढ आला की मूठ पिळून दुसरा, सपाटी आली की सहावा. गवताच्या काड्या साखळीशी येऊन मुकाट्यानं परत जात होत्या. बाहेरचे गिअर असते तर आतापर्यंत त्या लोंबत्या हाताला गवताचा भारा अडकला असता. दुसऱ्या पंथाचा विजय असो असं मी मोठ्यानं म्हणालो. ऐकायला एक टिटवी होती.

फक्त आपटा मात्र कुठं दिसेना. बाभळी होत्या, बोरी होत्या आणि सगळीकडे तो गांडा बावळ पसरला होता. वेडी बाभूळ हे नाव इथल्या लोकांनी तिला ठेवलंय ते तिचे काटे पाहून. इतक्यात एक म्हातारी शेळ्या चारताना दिसली. पायांत चांदीचे जाडजूड वाळे, हातात काठी. मी उतरलो, हेल्मेट तसंच, डोळ्यांवर काळा चष्मा.

इथं एक खुलासा केला पाहिजे. माझा जन्म बडोद्याचा, गुजराती मी शाळेपासून बोलतो, गुजरातीत भांडतो, गुजरातीत भाजी घेतो. पण सण आम्ही मराठीत करतो. त्यामुळे सणाचे शब्द आमच्या उंबऱ्याच्या बाहेर कधी पडलेलेच नाहीत. आपट्याला गुजरातीत काय म्हणतात हे मला माहीत नाही, हे मला त्या क्षणी समजलं.

"बा," मी म्हणालो, "अहीं आपटा छे?"

"शुं आपुं?" म्हातारी म्हणाली. काय देऊ?

"आपटा."

"पण शुं आपुं, ए तो बोल!"

"बा, आपटा आपो. आपटा!"

"आपुं, आपुं करे छे, पण जोईए छे शुं?" ती आता चिडली होती.

मी विचार केला, नाव राहू दे, प्रथा समजावून सांगू. प्रथा सगळीकडे कळते. मी चष्मा न काढता, अतिशय नम्रपणे म्हणालो, "बा, आजे दशेरा छे ने? अमे मराठी लोको आजे सोनुं लूंटीए. हुं सोनुं लूंटवा आव्यो छुं."

म्हातारीनं आधी स्वतःच्या कानांतल्या सोन्याकडे हात नेला, मग काठीकडे. मग तिनं जी आरोळी दिली ती मला अजून ऐकू येते. "दोडो रे दोडो! लूंटारो आव्यो!"

पायगुडे घराण्याचा वारस म्हणून मी तिथं उभं राहून गैरसमज दूर करायला हवा होता. मी सायकलवर टांग मारली. वरच्या शेतातून दोन माणसं काठ्या घेऊन उतरत होती आणि घराण्याचा इतिहास त्यांना माहीत नव्हता. समोर उतार होता. मी मूठ आठव्यावर पिळली. पोटातले गिअर आडरानात किती वेगानं नेऊ शकतात, या विषयावर कुणाला माहिती हवी असेल तर मी देऊ शकेन. ब्रेकविषयी मात्र देऊ शकणार नाही, कारण त्यांची आठवण मला उशिरा झाली. घळ वळली, मी वळलो नाही, आणि एका झाडाच्या बुंध्यावर जाऊन आपटलो.

डोळे उघडले तेव्हा तोंडावर पानं पडली होती. लहान, जाड, मधोमध दुभंगलेली. मी एक पान उचलून उन्हात धरलं. ज्या झाडावर मी आपटलो होतो तो आपटा होता.

कोपर सोललं होतं, गुडघ्याला खोक पडली होती, पण मी तिथं बसून एकटाच हसत होतो. मग उठून पाठीवरची पिशवी गच्च भरली आणि सायकल पाहिली. एवढं आपटूनही डब्याला साधा ओरखडा नव्हता. फक्त मागच्या टायरमध्ये गांड्या बावळाचा काटा होता, बोटाएवढा.

दुसऱ्या पंथाच्या लोकांनी ही एक गोष्ट मला नीट सांगितली नव्हती. बाहेरच्या गिअरचं मागचं चाक चुटकीसरशी निघतं. पोटातल्या गिअरचं काढायचं म्हणजे दोन्ही बाजूंचे नट पान्यानं सोडवायचे, आतून आलेली गिअरची केबल एका एवढ्याशा खोबणीतून सोडवायची, आणि परत बसवताना सगळं उलट क्रमानं आठवायचं. मी सोडवताना बरोबर सोडवलं, ट्यूबला ठिगळही लावलं. बसवताना काठ्यावाली माणसं आठवत होती, त्यामुळे केबल खोबणीत बसली नाही. परिणाम असा की मूठ हवी तितकी पिळा, खिडकीत आकडा हवा तो आणा, सायकल पहिल्याच गिअरमध्ये. डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा माझे पाय शिवणयंत्रासारखे फिरत होते आणि शेजारून पायी चाललेला एक गृहस्थ माझ्याशी गप्पा मारत बरंच अंतर बरोबर आला. शेवटी त्याला घाई होती म्हणून तो पुढे गेला.

वाटेत एक चौकी होती. सणासुदीला दारू नेणाऱ्यांवर नजर ठेवायला तिथं बंदोबस्त असतो. जमादारसाहेब खुर्चीत बसले होते. मिशा दाट, पोट समाधानी. त्यांनी काठी आडवी केली. चिखलानं माखलेला, रक्ताळलेला, रिकामे पाय मारत हळूहळू येणारा माणूस त्यांना रोज दिसत नसावा. त्यांची नजर डब्यावर गेली. काठीनं त्यांनी तो वाजवून पाहिला.

"आमां शुं छे?"

"गियर," मी धापा टाकत म्हणालो.

"बियर?"

दारूबंदीच्या गुजरातेत राहून हा शब्द पोलिसाच्या तोंडून ऐकणं काय असतं ते परगावच्यांना कळायचं नाही. मी घाबरून जोरजोरात मान हलवली, ती त्यांना होकाराची वाटली.

"केटली?" किती?

मला वाटलं, त्यांना आता बरोबर ऐकू आलं. "आठ," मी म्हणालो.

"आठ!" जमादार उठून उभे राहिले.

"आठेआठ अंदर छे, साहेब. बहारथी देखाय नहीं."

"ए तो अमने पण खबर छे," ते म्हणाले, "बहार राखे कोण?"

मी समजावलं. ग आणि ब ही अक्षरं दोनदा काढून दाखवली. "भले, गियर," जमादार म्हणाले, "तो बतावो." त्यांनी मागचं चाक उचलून धरायला लावलं, पॅडल फिरवायला लावलं. मी मूठ पिळली. एक, चार, आठ. चाक त्याच चालीनं फिरत राहिलं. काहीच बदललं नाही. जमादारांनी डब्याचा वास घेतला.

"अने पिशवीमां?"

"सोनुं," मी म्हणालो. थकलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचे शब्द येतात, त्याला मी काय करणार?

त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. कोतरात हेल्मेटवाला कुणीतरी सोनं लुटत फिरतोय असा निरोप चौकीवर आधीच आला होता. त्यांनी मला बाकावर बसवलं, माझ्याकडून घरचा नंबर घेतला आणि फोन लावून आवाज मोठा केला. मंदानं उचलला.

"तमारा मिस्टर क्यां छे?"

"ए तो सोनुं लूंटवा गया छे," मंदा म्हणाली. सणाचा दिवस, आवाजात कौतुक. "सवारना गया छे. हजी आव्या नथी."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओरडलो, "काकासाहेबांना दे! काकासाहेबांना!" घराण्यात वजन असलेला माणूस बोलला म्हणजे प्रश्न सुटेल, असा माझा हिशेब. काकासाहेब फोनवर आले. जमादारांनी अदबीनं हिंदीत विचारलं, "दादाजी, आपके भतीजे की साइकिल में गियर है?"

"नहीं," काकासाहेब म्हणाले. स्वच्छ, खणखणीत. "एक भी नहीं."

आणि त्यांनी फोन ठेवला.

आयुष्यात माझा इतका अपमान झाला नव्हता. बियर म्हटलं ते चाललं, लुटारू म्हटलं ते चाललं. पण घरचा माणूस पोलिसांसमोर माझे आठही गिअर नाकारतो? रागानं मी बाकावरून उठलो, सायकल उलटी केली, खिशातला पाना काढला आणि गुडघे टेकून बसलो. केबलचं टोक एका गवताच्या काडीसकट खोबणीच्या शेजारी लोंबत होतं. काडी काढली, टोक आत ओढून बसवलं. पॅडल फिरवलं आणि मूठ पिळली. डब्यातून बारीक 'टक्' असा आवाज आला आणि चाक सणसणत सुटलं. पुन्हा टक्, पुन्हा वेगळी चाल. जमादारांचं तोंड उघडंच राहिलं.

तेवढ्यात ती म्हातारी दोन माणसांसह येऊन पोचली. "आज छे!" हाच तो, म्हणत तिनं काठी माझ्याकडे रोखली. जमादारांनी पिशवी तिच्यापुढे उलटी केली. म्हातारीनं पानांकडे पाहिलं, माझ्या कोपराकडे पाहिलं, मग परत पानांकडे.

"आ तो आसुंदरो!" ती म्हणाली. "पांदडां जोईतां'तां तो पांदडां बोल ने, मूआ! मारे घेर वाडामांज झाड छे."

पानं हवी होती तर पानं म्हणायचं, तिच्या परसातच झाड होतं. आपट्याचं गुजराती नाव मला असं, चौकीत, कळलं. तिनं पदराच्या टोकानं माझ्या कोपरावरची माती पुसली आणि पानं स्वतःच्या हातानं पिशवीत परत भरून दिली. मी त्यातलं एक पान तिला दिलं आणि वाकून नमस्कार केला. तिनं ते कानातल्या सोन्याशेजारी खोचलं.

सुटलो म्हणावं तर जमादार सायकल सोडेनात. "एक आंटो मारुं?" म्हणून बसले ते चौकीला फेऱ्याच घालत सुटले. प्रत्येक फेरीला आमच्यासमोरून जाताना आकडा ओरडत. "पांच! ... सात!" मग उरलेल्या शिपायांची पाळी. कायद्याचे हात लांब असतात म्हणतात. पायही कमी नसतात. मी उन्हात उभा राहून श्रीखंडाचा विचार करत होतो.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. खाली समरजितची गाडी झेंडूच्या हारांनी मढून उभी होती, समरजित कांचनची जुडी घेऊन उभा होता, कुशलभाई आणि निम्मी सोसायटी सोन्याची वाट पाहत होती. काकासाहेब खुर्चीवर होते. जुनाच सदरा. चेहरा भिंतीसारखा. मी पिशवी त्यांच्या पायांशी ठेवली. राग असूनही हात जोडले, कारण ते काका होते आणि दसरा होता.

त्यांनी एक पान उचललं. बोटांनी चाचपलं, घडी घातली, वास घेतला. 

"आपटा," ते म्हणाले. मग माझं कोपर दिसलं. "हे काय?"

"आपटलो."

"कशावर?"

"आपट्यावर."

काकासाहेबांची मिशी हलली. मग खांदे हलले. मग ते असे हसले की मंदा घाबरून पाणी घेऊन आली. हसणं थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मंदा, ते नवीन धोतर काढ."

समरजितनं लगबगीनं गाडीचं दार उघडलं. "चला काकासाहेब, एसी लावून ठेवलाय."

धोतर नेसून आलेले काकासाहेब दाराजवळून पुढे गेले आणि माझ्या सायकलीपाशी थांबले. "जनार्दना, उभ्या उभ्या गिअर पडतो म्हणाला होतास."

"हो."

"पहिला हलका असतो? गुडघ्याला?"

"आज पहिल्याच गिअरमध्ये निम्मा रस्ता आलोय. पीस आहे पीस."

"पहिला घाल." त्यांनी कुंकवाचा करंडा मागवला. वाहनाला कुंकू लावल्याशिवाय सीमा ओलांडायची नाही, हा आमचा रिवाज. पण हँडलला लावायच्याऐवजी ते मागच्या चाकाकडे गेले. वाकता येईना. मग मी मागचं चाक उचलून वर धरलं आणि त्यांनी डब्यावर बोट टेकवलं. लाल टिळा लागला. मला एकदम भरून आलं आणि मी चाक तसंच धरून उभा राहिलो. शेवटी तेच म्हणाले, "आता खाली ठेव. बसू कसा मी?"

डाव्या बाजूनं, घोड्यावर चढावं तसे ते चढले. आम्ही सगळे दोन्ही बाजूंनी हात पसरून धावायच्या तयारीत. पण रोज प्रतापनगर गाठणारे पाय विसरलेले नव्हते. पहिल्या गिअरमध्ये, पाय संथ फिरवत, धोतराचा सोगा सावरत काकासाहेब गेटपर्यंत गेले, गेटबाहेर गेले, आणि दिसेनासे झाले.

एवढं आमच्या हिशेबात नव्हतं. थोडा वेळ आम्ही टाळ्या वाजवल्या. मग वाट पाहिली. मग मंदा म्हणाली, "अहो, बघा ना!" समरजित गाडी घेऊन शोधायला निघाला आणि फाफडा-जलेबीच्या रांगेनं तुंबलेल्या चौकात अडकला, त्याचा तिथूनच फोन आला. कुशलभाई कॉन्ट्रॅक्टवरच्या वॉचमनवर ओरडू लागले. मी चपला घालून गेटबाहेर धावलो तोच मागून घंटी वाजली.

काकासाहेब लष्करी छावणीच्या बाजूनं, पलीकडच्या रस्त्यानं, पार मोठा वळसा घालून परत येत होते. पाठ ताठ, मान वर, हँडलला जलेबीचा पुडा लटकलेला, आणि वेग असा की गेटमधले लोक आपोआप बाजूला झाले. ब्रेक लावून ते टाकीमागे न जाता अगदी शेडच्या दाराशी थांबले आणि डाव्या बाजूनंच उतरले.

"कुशलभाई," ते म्हणाले, "स्टिकर आपो. आठ छे. में गण्या."

कुशलभाईंनी मुकाट्यानं खिशातून स्टिकर काढला. काकासाहेबांनी माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं, मी त्यांच्या पायांना हात लावला. "सोन्यासारखा राहा," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. मग माझ्या खांद्याला धरून जिना चढायला लागले आणि पहिल्या वळणावर, मागून कुणी येत नाही असं बघून, हळूच माझ्या कानाशी वाकले.

"सहावा चांगला आहे रे."